तुरीवरील अळ्या : फुलोऱ्यापासून दाण्यापर्यंत

तुरीचे पीक शेतात पाच-सहा महिने उभे असते, पण अळ्यांशी त्याचा खरा सामना होतो तो शेवटच्या दीड-दोन महिन्यांत. जूनअखेर किंवा जुलैत पेरलेली तूर पावसाळाभर फक्त पाने आणि फांद्या वाढवते. या काळात पाने गुंडाळणारी अळी शेंड्याची पाने एकमेकांना चिकटवून आत बसते. शेतकरी त्या गुंडाळ्या पाहून घाबरतो आणि पहिली फवारणी तिथेच वाया घालवतो. निरोगी झाड असे दहा-वीस शेंडे गमावून पुन्हा फुटते, आणि त्या गुंडाळ्या हाताने खुडल्या तरी काम भागते. खरे नुकसान ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होते. कळ्या धरतात, पिवळा फुलोरा येतो, त्यातच चार दिवस आभाळ भरून राहते आणि पतंग अंडी घालायला येतात. तिथून दाणा भरेपर्यंत काय केले आणि कधी केले, यावर उत्पादन ठरते.

महाराष्ट्रात तुरीखालचे क्षेत्र बारा लाख हेक्टरच्या आसपास असते आणि त्यातले बहुतेक विदर्भ व मराठवाड्यात आहे. सोयाबीन किंवा कापसाच्या ओळींमध्ये तुरीची ओळ, हा तिथला नेहमीचा मेळ. पुणे जिल्ह्यात तूर मुख्य पीक नाही. हडपसरच्या पूर्वेचा कालव्याखालचा भाग ऊस, भाजीपाला आणि फुलांचा. तूर असते ती बांधावर, बाजरीत, किंवा घरापुरती. मात्र तुरीची सर्वांत मोठी शत्रू असलेली अळी पिकांच्या अशा नकाशाला जुमानत नाही. जी अळी लातूरला तुरीची शेंग पोखरते, तीच हडपसरजवळच्या मळ्यात टोमॅटो आणि झेंडूच्या फुलांत सापडते, दिवे घाट चढून गेल्यावर पुरंदरच्या वाटाण्यातही ती असते. म्हणून बांधावरची दहा झाडे राखणाऱ्यालाही ही कीड दहा एकरवाल्याइतकीच ओळखता यायला हवी.

कीड कोणती, हे आधी

तुरीच्या शेंगेवरच्या किडींना सरसकट 'अळी' म्हटले जाते. इथेच पहिली चूक होते, कारण शेंगेवर नुकसान करणाऱ्या तीन मुख्य किडींपैकी एक अळी अर्धी आत शिरते, दुसरी बाहेर राहून खाते आणि तिसरी बाहेरून दिसतच नाही. तिघींवर एकच उपाय चालत नाही.

पहिली हिरवी घाटेअळी, म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. हरभऱ्यावर ती घाटेअळी म्हणून आणि कापसावर अमेरिकन बोंडअळी म्हणून ओळखली जाते. भारतात तिच्या खाद्य वनस्पतींची नोंद १८० च्या वर गेली आहे. मादी पतंग रात्री उडते आणि कळ्या, फुले व कोवळ्या शेंगांवर एकेक सुटे, खसखशीपेक्षाही लहान, पिवळसर पांढरे अंडे घालते. एका मादीची अंडी शेकड्यांत मोजावी लागतात, अनुकूल हवामानात हजाराच्याही पुढे. तीन-चार दिवसांत अंडे फुटते. बाहेर आलेली अळी केसाएवढी बारीक असते आणि पहिले काही दिवस कळ्या-फुलेच खाते. पुढे ती शेंगेला गोल छिद्र पाडते, डोके आत खुपसून दाणा खाते आणि मागचे अर्धे शरीर बाहेर ठेवते. पूर्ण वाढलेली अळी साधारण दीड इंच लांब होते. रंग हिरवा असेलच असे नाही. तपकिरी, पिवळट, गुलाबीसर अळ्याही त्याच जातीच्या असतात, पण अंगाच्या दोन्ही बाजूंना फिकट तुटक रेषा असतात. दोन-तीन आठवडे खाऊन झाल्यावर ती जमिनीत उतरते आणि मातीत कोष करते. अंड्यापासून पतंगापर्यंतचा फेरा महिनाभराचा किंवा थोडा जास्त, म्हणजे तुरीच्या एका फुलोऱ्यात दुसरी पिढी येऊ शकते.

दुसरी पिसारी पतंगाची अळी. पतंग नाजूक, राखाडी तपकिरी. पंख चिरल्यासारखे, पिसांच्या झुपक्यांसारखे दिसतात म्हणून हे नाव. अळी जेमतेम अर्धा इंच, दोन्ही टोकांना निमुळती, हिरवट तपकिरी आणि अंगभर बारीक केस-काट्यांची. ती आधी शेंगेचा पृष्ठभाग खरवडते, मग बाहेर राहूनच छिद्रातून दाणा खाते. तिचा कोषही शेंगेवरच असतो आणि अळीसारखाच केसाळ दिसतो. अनेकदा फवारणीनंतर 'अळी मेली नाही' अशी तक्रार होते तेव्हा शेंगेला चिकटलेला तो कोष असतो.

तिसरी शेंगमाशी. ही पतंगवर्गातली नाही, बारीक काळ्या माशीची ही अळी. मादी कोवळ्या शेंगेच्या सालीच्या आत अंडे घालते. पांढरी, पाय नसलेली अळी दाण्याच्या सालीखाली नागमोडी पोखरत जाते. बाहेरून शेंग हिरवीगार, भरलेली दिसते. कोषात जाण्यापूर्वी अळी शेंगेच्या भिंतीला आतून खिडकी करते, फक्त पातळ पापुद्रा ठेवते, आणि माशी तो फाडून बाहेर पडते. शेतकऱ्याला टाचणीच्या टोकाएवढे भोक दिसते तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते. खळ्यावर वजनात न भरणारे, सुरकुतलेले दाणे निघतात आणि दोष पावसाला किंवा खताला दिला जातो.

यांच्या जोडीला मारुका येते. फुले, कळ्या आणि कोवळ्या शेंगा जाळीने एकत्र बांधून त्या गुच्छात बसणारी ही पांढुरकी, अंगावर काळसर ठिपके असलेली अळी दमट हवेत आणि झुपक्याने फुलणाऱ्या लवकरच्या वाणांवर जास्त दिसते. जाळीच्या आत फवारा पोचत नाही, त्यामुळे ती गुच्छ बांधण्याआधी सापडली तरच आटोक्यात येते.

झाडाची स्वतःची सोय

तुरीवर जितकी फुले येतात त्यातली फार थोडी शेंगेपर्यंत जातात. साधारण दहात एक, पुष्कळदा त्याहूनही कमी. बाकीची अळी नसतानाही गळतात. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात रूपर्ट शेल्ड्रेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुरीची फुले मुद्दाम खुडून पाहिली. मध्यम कालावधीच्या वाणांवर काही आठवडे सतत फुले काढली तरी झाडाने नंतर नवी फुले आणून उत्पादन बरेचसे भरून काढले, फक्त काढणी लांबली.

या प्रयोगाचा शेतातला अर्थ सरळ आहे. जमिनीत ओल असेल तर सुरुवातीच्या फुलांवर आलेली थोडी अळी झाड सोसते. पण नोव्हेंबरनंतर ओल संपली, थंडी वाढली, की दुसरा बहर येत नाही आणि त्या वेळी खाल्लेला प्रत्येक भरलेला दाणा कायमचा जातो. कोरडवाहू, हलक्या जमिनीतल्या तुरीला दुसरी संधी मिळत नाही. भारी काळ्या जमिनीतल्या किंवा एखादे पाणी मिळणाऱ्या तुरीला मिळते. म्हणून एकाच गावात एका शिवारात फवारणी गरजेची आणि दुसऱ्यात अनाठायी ठरू शकते. फूल गळताना पाहून पंप उचलणे, हे तुरीत सर्वांत जास्त पैसे वाया घालवणारे काम आहे.

पेरणीच्या वेळीच ठरणाऱ्या गोष्टी

वाणाची निवड ही कीड नियंत्रणातली पहिली पायरी आहे, कारण वाण किती दिवसांचा यावर कोणती कीड गाठणार हे ठरते. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचा बीडीएन-७११ हा साधारण १५० ते १५५ दिवसांत येतो. बीएसएमआर-७३६ किंवा इक्रिसॅटचा आशा हे वाण त्याहून तीन-चार आठवडे उशिरा. जितका उशीर, तितकी शेंगमाशी जास्त, कारण तिची संख्या थंडीत हळूहळू वाढत जाते. लवकर येणारा वाण तिच्यातून बराचसा सुटतो. मात्र आयसीपीएल-८७ सारखा फारच लवकरचा, झुपक्याने फुलणारा वाण मारुकाच्या तावडीत सापडतो. अळीला पूर्ण दाद न देणारा वाण आजही शेतकऱ्याच्या हाती नाही. तुरीची एक रानटी नातलग, कॅजानस स्कॅराबिऑइड्स, अळीला चांगली टक्कर देते. तिच्या शेंगेवरची दाट, चिकट नसलेली लव लहान अळीला दाण्यापर्यंत पोचू देत नाही. हा गुण शेतातल्या तुरीत आणण्याचे काम अनेक वर्षे चालू आहे.

गावात सगळ्यांनी एकाच आठवड्यात, एकाच कालावधीचे वाण पेरले तर फुलोरा एकदम येतो आणि कीड विभागली जाते. तसे न झाल्यास लवकर फुललेल्या शेतातली पिढी वाढून उशिरा फुललेल्या शेतावर उतरते. सल्ला जुना आहे, पण पावसाच्या लहरीमुळे तो पाळणे शेतकऱ्याच्या हातात नेहमीच नसते, हेही खरे.

तुरीच्या बियाण्यात शेकडा एक या प्रमाणात ज्वारी किंवा बाजरी मिसळून पेरण्याची शिफारस मात्र कोणालाही पाळता येते, आणि खर्च जवळपास नाही. ज्वारीच्या ताटावर कणीस येते, त्यावर पक्षी बसतात आणि तिथूनच खालच्या तुरीतल्या अळ्या टिपतात. शिवाय घाटेअळीच्या अंड्यांवर जगणारे ट्रायकोग्रामा हे सूक्ष्म गांधीलमाशीसारखे कीटक ज्वारीवर चांगले काम करतात. तुरीवर ते फारसे चालत नाहीत: तुरीच्या कळ्या-शेंगांवरील चिकट ग्रंथियुक्त लवेत त्यांचे पाय अडकतात. कापसात यशस्वी झालेली ट्रायकोकार्डे तुरीत टांगून फारसा उपयोग का होत नाही, याचे उत्तर त्या लवेत आहे.

मोजणी

कामगंध सापळा म्हणजे मादीच्या गंधाची गोळी लावलेले प्लॅस्टिकचे नरसाळे. घाटेअळीसाठीच्या गोळीला बाजारात हेलील्युर म्हणतात. पाहणीसाठी हेक्टरी पाच सापळे पुरतात. ते पिकाच्या शेंड्यापासून फूटभर वर असावेत आणि पीक वाढेल तसे वर न्यावेत, गोळी साधारण तीन आठवड्यांनी बदलावी. सापळ्यात फक्त नर येतात. त्यामुळे सापळा लावल्याने कीड संपेल ही अपेक्षा चुकीची. सापळा फक्त सावध करतो. सलग तीन दिवस एका सापळ्यात आठ-दहा पतंग आले, तर पुढच्या तीन-चार दिवसांत शेतात अंडी आणि बारीक अळ्या शोधायला सुरुवात करायची.

तो शोध झाडापाशी जाऊनच घ्यावा लागतो. शेताच्या कडा सोडून, आडवेतिडवे चालत वीसेक झाडे निवडायची आणि प्रत्येकाच्या शेंड्याचे फुलोरे उलगडून पाहायचे. सरासरी झाडामागे एक घाटेअळी, किंवा दहा झाडांवर पिसारी पतंगाच्या पाच अळ्या, किंवा शंभरांत पाच ते दहा शेंगा पोखरलेल्या, ही आर्थिक नुकसानीची पातळी. तिच्या खाली फवारणीचा खर्च वाचलेल्या दाण्यापेक्षा जास्त होतो. शेंगमाशीसाठी मात्र बाहेरून पाहून काही कळत नाही; शेताच्या वेगवेगळ्या भागांतल्या हिरव्या शेंगा तोडून नखाने उघडाव्या लागतात.

महाराष्ट्रात ही मोजणी सरकारी पातळीवर चालते, आणि तिच्यामागे एक मोठे नुकसान आहे. २००८-०९ च्या हंगामात विदर्भातल्या सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा प्रचंड उद्रेक झाला. सावध करणारी कोणतीच यंत्रणा नव्हती. त्यानंतर २००९-१० पासून कृषी विभाग, कृषी विद्यापीठे आणि केंद्रीय संशोधन संस्थांनी मिळून क्रॉपसॅप नावाचा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू केला. त्यात सोयाबीन, कापूस, भात, हरभरा यांच्याबरोबर तूरही आहे. गावोगावच्या ठरलेल्या शेतांतली नोंद संगणकावर जाते, पातळी ओलांडली की त्या भागासाठी सल्ला निघतो. राज्याचे कृषी आयुक्तालय पुण्यात असल्याने या आकड्यांची शेवटची बेरीज होते ती पुण्यात. या सल्ल्याने स्वतःच्या शेतातली पाहणी टळते असे मात्र नाही. तालुक्याचा सरासरी आकडा एका विशिष्ट बांधावर खोटा ठरू शकतो.

हात, पक्षी आणि पोते

लहान क्षेत्रात सर्वांत परिणामकारक उपाय बिनखर्ची आहे. मोठ्या घाटेअळ्या झाडाला नीट धरून राहत नाहीत. सकाळी तुरीच्या ओळीत गोणपाट किंवा प्लॅस्टिक अंथरून झाड हळुवार हलवले की अळ्या खाली पडतात. त्या गोळा करून रॉकेल मिसळलेल्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकायच्या. फांदी मोडेल इतका झटका द्यायचा नाही. औषधाला दाद न देणाऱ्या मोठ्या अळ्यांवर हाच खात्रीचा मार्ग आहे, आणि मजुरी परवडत नाही हा त्यावरचा नेहमीचा आक्षेप बांधावरच्या किंवा अर्ध्या एकरातल्या तुरीला लागू पडत नाही. पिसारी पतंगाच्या अळ्या आणि शेंगमाशी यांवर मात्र त्याचा उपयोग नाही.

पक्षी थांबे हेही असेच. इंग्रजी टी अक्षरासारख्या काठ्या पिकापेक्षा हातभर उंच, एकरी वीसेक रोवल्या की कोतवाल, साळुंकी, बगळे त्यांवर येतात. दाणे पक्व झाल्यावर काठ्या काढून घ्याव्या, नाहीतर दाणे खाणारे पक्षीही तेच आसन वापरतात.

निंबोळी, विषाणू, बुरशी

कळ्या धरताना पाच टक्के निंबोळी अर्काचा फवारा घेतला तर मादी अंडी घालायला कचरते आणि नुकतीच निघालेली अळी खाणे कमी करते. पाच किलो सुकलेल्या निंबोळ्यांची भरड रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, दोनशे ग्रॅम साबणाचे पाणी घालून एकूण शंभर लिटर द्रावण करायचे आणि त्याच दिवशी संध्याकाळी फवारायचे. मोठी अळी त्याने मरत नाही. ज्याने निंबोळी अर्क उशिरा मारला त्याचाच 'कडुनिंबाने काही होत नाही' हा अनुभव असतो.

घाटेअळीचा स्वतःचा एक रोग आहे. न्यूक्लिअर पॉलिहेड्रोसिस विषाणू, बाजारातले नाव एचएएनपीव्ही. विषाणू लागलेली अळी झाडाच्या शेंड्याकडे चढते, तिथे डोके खाली करून लटकते, अंग फुटून काळे पाणी गळते आणि खालच्या पानांवर तो रोग पसरतो. तो घाटेअळीलाच होतो. माणूस, जनावर, मधमाशी, कोळी यांना त्याचा त्रास नाही; पिसारी पतंगालाही नाही, त्यामुळे दोन्ही किडी असतील तर एवढ्यावर भागत नाही. तुरीसाठी हेक्टरी ५०० अळी एकके (एल.ई.) अशी मात्रा असते; एक एकक म्हणजे रोगाने मेलेल्या एका मोठ्या अळीतून मिळणारा विषाणू. उन्हातले अतिनील किरण त्याला मारतात, म्हणून फवारणी सूर्य कलल्यावर करायची आणि द्रावणात थोडी नीळ किंवा राणीपाल घालायची. अळी मरायला चार ते सात दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी अळ्या चालताना पाहून घाईने दुसरे विष मारणाऱ्याला या उपायाचा हिशेब कधीच कळत नाही. कोवळ्या अळ्यांसाठी बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणूही असाच संध्याकाळी वापरला जातो.

पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने या अळीचा अभ्यास दोन बाजूंनी केला आहे. एका गटाने मेटारायझियम अ‍ॅनिसोप्ली या हिरव्या बुरशीच्या देशी वाणांची निवड केली. ही बुरशी पोटात जाण्याची वाट पाहत नाही. तिचे बीजाणू अळीच्या कातडीवर रुजतात आणि आत शिरतात. तुरीच्या शेतात तिच्या चाचण्या झाल्या. दुसऱ्या गटाने अळीच्या पचनसंस्थेकडे पाहिले. वनस्पतींच्या बियांत अळीचे पाचक विकर अडवणारी प्रथिने असतात. तुरीची प्रथिने घाटेअळीला फारशी अडवत नाहीत, कारण पिढ्यान्‌पिढ्या तूर खाऊन ती त्यांना सरावली आहे. पण चौधारी घेवडा, भुईमूग, बटाटा, कारले अशा, तिच्या रोजच्या आहारात नसलेल्या वनस्पतींची प्रथिने तिची वाढ खुंटवतात. मात्र एकच अडथळा सतत दिला तर अळी नवे विकर तयार करून त्यातूनही वाट काढते. प्रयोगशाळेत दिसलेली ही चतुराई रासायनिक औषधांच्या बाबतीत शेतकऱ्यांनी फार आधी, महागात अनुभवली आहे.

रासायनिक फवारणी

१९८७ मध्ये आंध्र प्रदेशात कापसावर घाटेअळीने थैमान घातले आणि सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली तोवर रामबाण मानलेली औषधे निष्प्रभ ठरली. आठवड्याला एक फवारणी करूनही अळी मरेना. अळी औषधाला सरावण्याची भारतातली ही पहिली मोठी घटना. तेव्हापासून नियम एकच आहे: एकाच गटाचे औषध एका हंगामात दुसऱ्यांदा वापरायचे नाही. इथे फसगत होते ती नावांमुळे. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल आणि फ्ल्यूबेंडिअमाइड या दोन वेगळ्या बाटल्या, पण दोन्ही अळीच्या शरीरात एकाच ठिकाणी काम करतात. एकानंतर दुसरे मारणे म्हणजे औषध बदलणे नव्हे. बाटलीवरच्या व्यापारी नावाऐवजी आतल्या घटकाचे नाव वाचावे, आणि त्याचा गट विचारावा.

पातळी ओलांडली असेल तर पहिली रासायनिक फवारणी साधारण निम्मे पीक फुलोऱ्यात असताना आणि अळ्या बारीक असताना पडायला हवी. त्यासाठी इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के दाणेदार ४.४ ग्रॅम, किंवा क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ टक्के ३ मिली, किंवा इंडोक्झाकार्ब १५.८ टक्के ६.६ मिली, यांपैकी एक, दहा लिटर पाण्यात. हे प्रमाण साध्या पाठीवरच्या पंपाचे आणि हेक्टरी पाचशे लिटर पाण्याचे आहे. गरज राहिल्यास दुसरी फवारणी पंधरा दिवसांनी, वेगळ्या गटातली. तिसरीची वेळ आली तर पहिल्या दोन चुकल्या असे समजायला हरकत नाही. शिफारशी बदलतात, म्हणून खरेदीच्या वेळी लेबलवर तुरीचे आणि त्या किडीचे नाव आहे का, हे पाहावे. कृषी सेवा केंद्रातून औषधाबरोबर टॉनिक, बुरशीनाशक, विद्राव्य खत असे मिश्रण हाती दिले जाते. त्यातले बहुतेक अळीसाठी निरुपयोगी असते आणि मिश्रणाचा परिणाम कोणी तपासलेला नसतो.

तुरीची उंची हा फवारणी करणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे. फुलोऱ्यातले झाड पाच-सहा फूट, कधी डोक्यावर जाते. नोझल वर धरावे लागते आणि तुषार तोंडावर, छातीवर पडतात. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. वाढलेले उंच पीक, तीव्र औषधांची मिश्रणे, दमट हवा, उघडे अंग ही सगळी कारणे तिथे एकत्र आली होती, आणि ती तुरीलाही लागू पडतात. वारा येतो त्या बाजूला पाठ करून मागे सरकत फवारणे, पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडावर मुखपट्टी, डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे आणि एका माणसाने सलग दिवसभर पंप न चालवणे, एवढे किमान पाळले पाहिजे.

मधमाश्यांचा विचारही याच वेळी. तूर स्वपरागित असली तरी सुमारे पाचवा हिस्सा फुलांत माशा परपरागण घडवतात, आणि फुलोऱ्यातल्या तुरीत दुपारी आग्या माशा व पानकापी माशा भरपूर असतात. पुण्यात केंद्रीय मधुमक्षिका संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. मधमाश्यांच्या अभ्यासाचा साधा निष्कर्ष असा की माशा पोळ्याकडे परतल्यावर, म्हणजे संध्याकाळी फवारावे. विषाणू, निंबोळी आणि मधमाश्या तिघांनाही हीच वेळ सोयीची आहे.

ओल्या शेंगा

हडपसर-मांजरीकडच्या बांधावरच्या तुरीचा शेवट डाळ मिलमध्ये होतो असे नाही. डिसेंबर-जानेवारीत मीठ घालून उकडलेल्या ओल्या शेंगा घरोघर खाल्ल्या जातात आणि त्या मंडईतही विकायला येतात. वाळलेल्या तुरीपर्यंत पोचायला औषधाला महिनाभर मिळतो, ओल्या शेंगेला तो मिळत नाही. फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जायला हवेत हे प्रत्येक औषधाच्या लेबलवर असते; तुरीवर इमामेक्टिनसाठी १४ दिवस, क्लोरॅन्ट्रानिलीप्रोलसाठी २९ दिवस. मांजरीत राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. युरोपात २००३ साली भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडल्यानंतर निर्यातीच्या द्राक्षांच्या अंश-तपासणीची देशपातळीवरची व्यवस्था तिथूनच उभी राहिली. त्याच परिसरातल्या मंडईत पाटीतून येणाऱ्या शेंगांची तशी तपासणी होत नाही. ती जबाबदारी पिकवणाऱ्यावरच आहे. ओल्या शेंगांसाठी राखलेल्या ओळींवर रासायनिक फवारा घेऊच नये. त्या थोड्या झाडांना निंबोळी अर्क, विषाणू आणि पोते अंथरून हलवणे पुरते.

काढणीनंतर घाटेअळीची शेवटची पिढी मातीत कोषात असते. तुरीची धसकटे काढून मार्च-एप्रिलमध्ये खोल नांगरट केली की ते कोष उन्हात उघडे पडतात आणि नांगरामागे फिरणारे बगळे-साळुंक्या ते वेचून खातात. पुढच्या हंगामाच्या फवारणीचा खर्च कमी करायचा असेल, तर तुरीची रिकामी जमीन उन्हाळ्यात न नांगरता ठेवू नये.